होडीच्या तळाचा लाल रंग जातो कुठे?

खास प्रतिनिधी
मुंबई

जूनच्या पहिल्या आठवड्यात वेसावे, मढ, उत्तन किंवा थेट खाली अलिबाग-हर्णैपर्यंतच्या कोणत्याही मासेमारी बंदरावर गेले, तर एक आवाज हमखास कानावर पडतो. तो असतो लाकडावर लोखंडी पट्टी घासल्याचा खरखराट. १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांसाठी मासेमारी बंदीचा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, इंजिने उघडली जातात, जाळी दुरुस्त होतात आणि वर्षभर पाण्याखाली राहिलेला तळ खरवडून नव्या रंगासाठी तयार केला जातो. नारळी पौर्णिमेला सजवलेल्या होड्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्याआधीचे दोन महिने चाललेले हे काम मात्र सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही.

नाकाला रुमाल बांधून, कधी तोही न बांधता, एखादा कामगार होडीच्या बुडाखाली उकिडवा बसलेला असतो. हातात पट्टी किंवा विजेवर फिरणारा ग्राइंडर. विटकरी रंगाची पूड त्याच्या केसांवर, भुवयांवर, सदऱ्यावर बसते. उरलेली वाळूत पडते. पावसाची पहिली जोरदार सर आली, की वाळूवरचा तो लाल थर खाडीत उतरतो. घराच्या भिंतीवरचा जुना रंग खरवडताना जे घडते तेच येथे घडते, असे पाहणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात या दोन कामांत फार मोठे अंतर आहे. भिंतीचा रंग भिंतीच्या शोभेसाठी आणि रक्षणासाठी असतो. होडीच्या तळाचा रंग सजीवांना मारण्यासाठी तयार केलेला असतो. अमेरिकेसारख्या देशात तर या रंगांची नोंदणी कीटकनाशक म्हणूनच करावी लागते.

विरघळणारे विष

समुद्राच्या पाण्यात बुडालेला कोणताही पृष्ठभाग फार काळ स्वच्छ राहत नाही. काही तासांत त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, काही दिवसांत शेवाळ येते आणि काही आठवड्यांत बार्नेकल, शिंपले व नळीसारखी घरे बांधणारे किडे वस्तीला येतात. दगडासारख्या टणक शंकूत राहणारा बार्नेकल दिसतो शिंपल्यासारखा, पण तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला. एकदा चिकटला की मेल्यावरही त्याचे बूड सुटत नाही. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात ही वाढ थंड प्रदेशांपेक्षा वेगाने होते आणि वर्षभर चालू राहते.

तळ खडबडीत झाला की पाण्याचा विरोध वाढतो, वेग घटतो आणि डिझेल अधिक जळते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ग्लोफाउलिंग प्रकल्पाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या प्राथमिक निष्कर्षांनुसार, जहाजाच्या निम्म्या तळावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर असला, तरी हरितगृह वायूंचे उत्सर्जन लक्षणीय वाढू शकते. नाखव्याला ही आकडेवारी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तळ घाण झालेली होडी किती तेल खाते, हे त्याच्या हिशेबाच्या वहीत त्याला दिसतच असते.

यावरचा जुना उपाय म्हणजे तांबे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून प्रयोग केला आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. हे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजतात, म्हणून १८२४ च्या सुमारास सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने त्यांना लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. विद्युत-रासायनिक नियमाप्रमाणे लोखंड झिजले आणि तांबे शाबूत राहिले. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला, आणि त्यामुळेच फसला. कारण तांबे झिजायचे थांबताच तळावर शेवाळ आणि बार्नेकल पुन्हा जमू लागले. तांब्याचा झिजून पाण्यात विरघळणारा अंशच या जीवांना दूर ठेवत होता, हे त्यातून स्पष्ट झाले. नौदलाला ही योजना गुंडाळावी लागली.

आजचे रंगही याच तत्त्वावर चालतात. त्यांत क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे लाल संयुग मोठ्या प्रमाणावर असते. अनेक रंगांत ते एकूण वजनाच्या एकतृतीयांशाहूनही अधिक भरते. होड्यांचे तळ बहुधा लाल-विटकरी दिसतात ते याचमुळे. काही रंग कडक राहतात व त्यांतील तांबे हळूहळू पाझरते. रिकामा झालेला रंगाचा सांगाडा तळावर तसाच उरतो. काही रंग साबणाच्या वडीसारखे थराथराने झिजतात. पहिल्या प्रकारात दरवर्षी जुन्यावर नवा थर चढत जातो आणि दहा-बारा वर्षांत तळावर रंगाचे जाड, ठिसूळ कवच तयार होते. त्याचे पापुद्रे निघू लागले की जिथून पापुद्रा गेला तिथे खड्डा आणि शेजारी उंचवटा, असा खडबडीत तळ पाण्यात फिरू लागतो. म्हणजे ज्या खडबडीतपणापासून वाचण्यासाठी रंग लावला, तो रंगानेच आणलेला असतो. मग सारे खरवडून मूळ तळापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

खालच्या थरांत काय दडले आहे?

जुने थर खरवडताना वरच्या तांब्यापेक्षा खालच्या थरांची चिंता अधिक असते. १९६० च्या दशकापासून या रंगांत ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, हे कथिलाचे सेंद्रिय संयुग वापरात आले. परिणामकारकतेत त्याला तोड नव्हती. मात्र १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या आर्कशाँ उपसागरातील कालवांची शेती कोलमडू लागली. कालवांची पिल्ले जगेनात, मोठ्या कालवांची कवचे विचित्र जाड होऊन आतला मांसल भाग खुरटला. उपसागरात नांगरलेल्या शेकडो विहारनौकांच्या तळावरचा रंग हे त्याचे कारण निघाले. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीला बंदी घातली. ब्रिटनने १९८७ मध्ये त्याचे अनुकरण केले.

दरम्यान इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डॉगव्हेल्क या समुद्री गोगलगायीच्या माद्यांना नरांची जननेंद्रिये फुटत असल्याचे दिसून आले होते. याही विकृतीचे मूळ टीबीटीत सापडले. एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग इतके अत्यल्प प्रमाणही त्यासाठी पुरेसे होते. हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. अशीच विकृती भारतीय समुद्रातील ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीत आढळल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. या जीवाच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे.

अखेर २००१ मध्ये या रंगांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. १ जानेवारी २००३ पासून टीबीटीचा नवा थर लावण्यास आणि १ जानेवारी २००८ पासून तो जहाजाच्या तळावर उघडा असण्यास मनाई, असे त्याचे स्वरूप होते. सप्टेंबर २००८ मध्ये करार अमलात आला. भारत त्यात २०१५ मध्ये सहभागी झाला. पुढे सायब्युट्रिन या शेवाळनाशकाचीही भर पडून १ जानेवारी २०२३ पासून तेही प्रतिबंधित झाले.

या करारातील एक सवलत सामान्यतः दुर्लक्षित राहते. टीबीटीचा जुना थर काढून टाकणे बंधनकारक नव्हते. त्यावर तो पाझरू न देणारे दुसरे आवरण चढवले तरी चालत होते. त्यामुळे त्या काळातील अनेक नौकांच्या तळावर, नव्या रंगांच्या खाली, टीबीटी आजही शांतपणे बसलेले असू शकते. तसेच प्रमाणपत्राची अट आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ४०० टन व त्याहून मोठ्या जहाजांना आहे, आणि २४ मीटरपेक्षा मोठ्या पण त्या टनभाराखालील नौकांना स्वयंघोषणापत्र पुरते. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या होड्या या चौकटीबाहेरच राहतात. होडी दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली असेल तर तळावर कोणत्या साली कोणता रंग लागला, हे सांगणारे कुणी उरत नाही.

जुन्या होड्यांच्या बाबतीत आणखी एक नाव घ्यावे लागते, ते शिशाचे. लोखंड व लाकडाच्या अस्तरासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे ‘रेड लेड’ म्हणजे शेंदूरच. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे; औद्योगिक रंग त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत.

कोरडे घासणे सर्वांत वाईट

तळाचा रंग पूर्ण काढायचा की नाही, हा निर्णय आधी हवा. जुना रंग घट्ट असेल, नखाने किंवा पट्टीच्या टोकाने उचकटत नसेल आणि नवा रंग त्याच जातीचा असेल, तर तळ धुऊन, पाणी मारत हलकेच घासून त्यावर नवा थर देणे पुरेसे असते. पापुद्रे सुटणे, थरांची जाडी फार वाढणे, जुन्या रंगावर नवा न धरणे किंवा खालच्या तळालाच फोड येणे, ही मात्र पूर्ण खरवडण्याची लक्षणे. दरवर्षी ‘एकदा साफ करून टाकू’ म्हणून चांगला रंगही घासून काढणे हे पैशांचे, श्रमांचे आणि खाडीचेही नुकसान आहे.

सुरुवात छोट्या तुकड्यापासून करणे शहाणपणाचे. तळहाताएवढ्या जागेत कडेकडेने उतार देत, ओले करून घासत गेले की झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकेक थर उघडा पडतो. किती थर आहेत, कोणता सैल आहे, खाली शेंदरी अस्तर आहे का, हे त्या खिडकीतून दिसते. शिशाची ढोबळ चाचणी करणारे संचही मिळतात. टीबीटी मात्र प्रयोगशाळेशिवाय ओळखता येत नाही. म्हणून २००८ पूर्वीच्या होडीचे जुने थर विषारी आहेत असे गृहीत धरूनच काम करावे.

सर्वांत घातक पद्धत म्हणजे ग्राइंडरने कोरडे घासणे, आणि दुर्दैवाने सर्वांत झटपट होणारीही तीच. तिच्यातून निघणारी धूळ इतकी सूक्ष्म असते की रुमालाच्या विणीतून ती सहज आरपार जाते. तांबे, असल्यास शिसे आणि टीबीटी, शिवाय रंगाचे रेझिन, हे सारे त्या श्वासात असते. धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि फिल्टर बदलता येणारा मुखवटा, बंद चष्मा, हातमोजे आणि कामापुरते वेगळे कपडे हा किमान सरंजाम झाला. ते कपडे घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुणे टाळावे. हात-तोंड धुतल्याखेरीज चहा-बिडीही टाळावी, कारण शिसे श्वासाइतकेच बोटांवरूनही पोटात जाते. होडीभोवती खेळणारी मुले हा तर वेगळा चिंतेचा विषय. शिशाचा परिणाम लहान मेंदूवर सर्वाधिक होतो.

त्यापेक्षा हाताने ओढायची धारदार पट्टी बरी. टंगस्टन कार्बाइडचे पाते असलेली पट्टी आपल्याकडे खेचत नेली की रंग धुळीऐवजी चकत्यांच्या रूपात सुटतो, आणि चकत्या गोळा करता येतात. पात्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घेतले नाहीत, तर तळावर चरे पडतात. ही खबरदारी फायबरच्या होडीला विशेष लागू आहे. तिचा बाहेरचा जेलकोट जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो फाटला की पाणी आतल्या थरांत शिरते. पट्टीने मोठा भाग काढल्यावर उरलेला रंग ८० नंबरच्या आसपासच्या वॉटर पेपरने, पाणी मारत घासावा. विजेचा सँडर वापरायचाच असेल तर धूळ जागीच शोषून घेणारा असावा. परदेशांतील अनेक बोटयार्डांत याशिवाय परवानगीच मिळत नाही.

लाकडी होडीचे गणित निराळे. तिथे पट्टी फळीच्या रेषेत चालवावी, आडवी नव्हे. फळ्यांच्या सांध्यात भरलेला कापूस किंवा सूत पट्टीच्या टोकाने उपसले जाता कामा नये. जोरदार दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यानेही ते निघून येते आणि मग होडी पाण्यात उतरल्यावर गळू लागते. उलट होडी फार काळ उघड्यावर कोरडी पडली तर फळ्या आकसतात. पोलादी नौकांच्या बाबतीत वाळूसारख्या कणांचा मारा करणारे ब्लास्टिंग उपयोगी पडते, पण ते बंदिस्त जागेत आणि प्रशिक्षित माणसांकडूनच व्हावे. लाकूड व फायबरला तोच मारा खाऊन टाकतो.

रसायनाने रंग सोडवण्याचा मार्ग सोपा वाटतो. बाजारातील अनेक ‘पेंट रिमूव्हर’मध्ये मिथिलीन क्लोराइड असते. हा द्रव फायबरच्या जेलकोटलाही मऊ करतो. त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिचे कार्बन मोनॉक्साइड बनते. बंद जागेत त्याने माणसे दगावली आहेत, आणि म्हणूनच अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीला बंदी केली. फायबरला न दुखावणारी, संथ काम करणारी खास रसायने उपलब्ध आहेत. ती महाग पडतात, तासन्‌तास ठेवावी लागतात, आणि निघणारा चिकट लगदा हाही विषारी कचराच असतो. आगीची ज्योत किंवा हीट गन लावून रंग फुगवण्याची जुनी रीत मात्र तळाच्या रंगासाठी पूर्ण वर्ज्य समजावी. भिंतीच्या रंगाला चालणारी ती युक्ती येथे शिसे आणि कथिलाची वाफ थेट नाकात सोडते.

गोळा झालेले टाकायचे कुठे?

ओले घासल्याने धूळ उडत नाही, पण विष नाहीसे होत नाही. ते लाल पाण्यात उतरते, आणि ते पाणी उताराने खाडीकडेच जाते. पावसाळ्यात तर निसर्ग आपणहून ‘ओले घासणे’ करून देतो. काही ठिकाणी याहूनही सरळ रीत आहे. उधाणाच्या भरतीला होडी वर घ्यायची, ओहोटीत तळ खरवडायचा आणि पुढच्या भरतीने खालची जागा धुऊन न्यायची. जागा स्वच्छ दिसते. खरवड मात्र चिखलात मुरते.

याच खाड्यांतल्या खडकांवरून कोळणी कालवे काढतात, याच चिखलातून तिसऱ्या आणि खुबे निघतात आणि शहराच्या बाजारात येतात. कालवांच्या पिल्लांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबेही बाधक ठरते. एक किलो जुन्या खरवडीत तांब्याचा अंश कित्येक ग्रॅम ते शेकडो ग्रॅम असू शकतो, हे लक्षात घेतले की वाळूवरच्या त्या लाल थराचे वजन कळते.

उपाय अवघड नाही, पण जागा आणि शिस्त मागणारा आहे. होडीखाली एकसंध जाड ताडपत्री अंथरून तिच्या कडा उचलून धरायच्या, वर आडोसा करायचा, चकत्या दररोज झाडून बंद डब्यात भरायच्या. घासलेले पाणी खड्ड्यात अडवून गाळ बसू द्यायचा आणि तो गाळही त्याच डब्यात जमा करायचा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००९ मध्ये जुने रंग काढण्याविषयी जी मार्गदर्शक सूचनापत्रिका काढली, तिचा भरही खरवड गोळा करून ती पाण्यापासून दूर ठेवण्यावरच आहे.

डबा भरल्यावर पुढे काय, येथे गाडे अडते. रंगांच्या औद्योगिक वापरातून निघणाऱ्या कचऱ्याची गणना २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात होते आणि अशा कचऱ्यासाठी तळोजा येथे सामायिक केंद्र आहे. मोठ्या गोद्या व जहाज दुरुस्तीचे कारखाने आपला कचरा तिथे पाठवू शकतात. दोन गोणी खरवड घेऊन एकट्या नाखव्याने तळोज्याला जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. बंदरावर एक पक्की फरशी, सांडपाणी अडवणारी टाकी, धूळ शोषणारे दोन-चार सँडर भाड्याने आणि जूनअखेर सर्वांची खरवड एकत्र उचलणारा एक ट्रक, इतके मच्छीमार सहकारी संस्था आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून केले तरी काम भागेल. जेटी आणि बर्फाच्या कारखान्यांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे.

तळ एकदा उघडा झाला, की घाई करून लगेच रंग मारण्याचा मोह आवरावा लागतो. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, खड्डे लांबीने भरून, फायबर किंवा पोलादावर इपॉक्सी अस्तराचे थर दिल्यावरच वरचा रंग धरतो. जुलैच्या दमट हवेत सुकण्यास वेळ लागतो, आणि आडोसा केलेला असेल तर तो इथेही उपयोगी पडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तळावर तांब्याचा रंग कधीच लावू नये. दोन धातूंच्या संगतीत अ‍ॅल्युमिनियम खंगते. तळाला बसवलेले जस्ताचे ठोकळे रंगवू नयेत, कारण रंगाखाली ते निकामी होतात. आणि नव्या रंगाच्या डब्यावरचे नाव, घटक व तारीख वहीत लिहून ठेवावी. आठ-दहा वर्षांनी पट्टी घेऊन त्या तळाखाली बसणाऱ्याला आपण काय श्वासात घेणार आहोत, ते त्यावरून कळेल.